सातबारावर ‘इकरार बोजा’ आहे, जमीन घ्यावी का?

प्रश्न (चोपडा):
2 एकर कोरडवाहू घ्यायची आहे. सातबाराच्या इतर अधिकारात ‘वि.का. सोसायटी इकरार बोजा रु. 1,20,000’ अशी नोंद आहे (वि.का. म्हणजे गावची विविध कार्यकारी सहकारी सोसायटी). मालक म्हणतात, कर्ज माफीत गेलं, नुसती नोंद राहिली. बोजा म्हणजे गहाणच ना? खरेदीखत करून घेतलं तर चालेल का?

उत्तर (रावेर):
नाही भाऊ, दोन्ही वेगळे. गहाणात जमिनीतला काही हक्क कर्ज देणाऱ्याकडे जातो. बोजात हक्क मालकाकडेच राहतो, पण पैसे त्या जमिनीतून वसूल करता येतात. सोसायटीचं कर्ज घेताना सभासद असा बोजा लिहून देतो, तो इकरार. सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 48 बघा: व्याजासह कर्ज फिटेपर्यंत ती जमीन विकता येत नाही, विकली तर व्यवहार रद्दबातल. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला तरी हा दोष जात नाही.

उत्तर (शिरपूर):
‘माफीत गेलं’ यावर अजिबात विसंबू नका. 2017 किंवा 2019 च्या माफीची रक्कम खात्यात जमा झाली तरी बोजा आपोआप उतरत नाही, त्याला फेरफार, म्हणजे सातबारावरच्या बदलाची अधिकृत नोंद, लागतो. शिवाय त्याच इकरारावर पुढच्या हंगामात नवं कर्ज उचललेलं असू शकतं. 1,20,000 हा नोंदीचा आकडा, आजची बाकी नव्हे. गटसचिवाकडून (सोसायटीच्या सचिवाकडून) आजच्या तारखेचा व्याजासह खातेउतारा मालकाला काढायला सांगा.

बाकी निघाली तर ती मालकाच्या हाती न देता थेट सोसायटीत भरा आणि बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, घ्या. काम अडतं ते इथेच: बोजा असतो मालकाच्या तीन गटांवर (जमिनीच्या तुकड्यांवर) आणि दाखल्यात गट एकच. सगळे गट नंबर आणि बोजाचा फेरफार क्रमांक दाखल्यात हवेतच. मग मालकाचा अर्ज तलाठ्याकडे. नोटिशीचे 15 दिवस, हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

प्रश्न (चोपडा):
तोपर्यंत सौदापावती (खरेदीआधीचा लेखी करार) करू का?

उत्तर (रावेर):
करा, पण बोजा कमी झाल्याचा फेरफार प्रमाणित झाल्यावरच खरेदीखत, ही अट लिहा. सोसायटीत भरलेली रक्कम किमतीतून वजा, हेही लिहा. खरेदीच्या सकाळी 15 रुपयांचा डिजिटल सातबारा पुन्हा काढा. बोजाला कंस आणि आडवी रेघ हवी, म्हणजे तो कमी झाला, आणि ‘प्रलंबित फेरफार’पुढे ‘नाही’.