किमानवाद की मितवाद? आणि 'हुबेहूब' कशाशी?

प्रश्न : अमेरिकी कलेविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. मिनिमलिझमला (मोजक्या, साध्या आकारांच्या कलेला) 'मितवाद' आणि फोटोरिअलिझमला (फोटोवरून रंगवलेल्या चित्रांच्या शैलीला) 'हुबेहूबवाद' चालेल का? 'किमानवाद' म्हटलं की मला किमान वेतन आठवतं.

उत्तर : 'मित' देखणा शब्द आहे, पण इथे नको. मितभाषी माणूस मोजकं बोलतो तो त्याचा स्वभाव म्हणून. डोनाल्ड जड या मिनिमलिस्ट शिल्पकाराला तर कामात कलाकाराच्या हाताचा मागमूसही नको होता. त्याची शिल्पं म्हणजे पेट्या, आणि त्या कारखान्यात बनत. शिवाय 'मिनिमल' या शब्दामागे १९६५चा रिचर्ड वॉलहाइम या तत्त्वज्ञाचा लेख आहे. ज्यांत 'कले'चा अंश अगदी कमीत कमी उरतो, अशा वस्तूंबद्दल तो लिहीत होता. किमान वेतनातला 'किमान' याच्याच जवळचा आहे. त्यामुळे तुम्हाला आठवलं ते योग्यच आठवलं. (जडला स्वतःला हे नाव पसंत नव्हतं, हेही लेखात यावं.)

'अल्पवाद' मात्र टाळाच. टेक्सासमधल्या मार्फा गावी जडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या १०० पेट्या मांडलेल्या आहेत. बाहेरून सगळ्यांचं माप एक, आतली रचना प्रत्येकीची निराळी. ऊन सरकतं तसतशा त्या वेगळ्या दिसू लागतात. याला अल्प कसं म्हणायचं?

प्रश्न : पटलं. आणि 'हुबेहूब'?

उत्तर : हुबेहूब कशाशी, ते आधी ठरवावं लागेल. चक क्लोज या फोटोरिअलिस्ट चित्रकाराचं १९६७-६८चं स्वतःचं चित्र जवळजवळ नऊ फूट उंच आहे. फोटोवर चौकोन आखून, एकेक चौकोन कॅनव्हासवर मोठा करत त्याने ते रंगवलं. शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण करायचो तसंच. त्यात चेहरा लख्ख आहे, कान आणि खांदे धूसर. समोरच्या माणसाकडे पाहताना आपल्याला ही धूसरता जाणवत नाही, ती कॅमेऱ्याच्या भिंगाची. क्लोजने तीही मनापासून रंगवली. म्हणजे चित्राचा विषय माणसाइतकाच फोटोही आहे, आणि 'हुबेहूब'मधून नेमका तोच गळतो. मी 'छायाचित्रवास्तववाद' लिहीन.

प्रश्न : उच्चारताना जीभ अडखळते हो!

उत्तर : मग 'फोटोवास्तववाद' लिहा. फोटो आता मराठीच आहे, आणि 'फोटोवास्तववादी चित्रकार' असं विशेषणही सहज होतं. फक्त त्याचा अर्थ 'फोटोची नक्कल' असा देऊ नका. रिचर्ड एस्टीस हा याच शैलीतला चित्रकार न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची काचेतली प्रतिबिंबं रंगवतो ती अनेक फोटो जुळवून. त्याच्या चित्रातला देखावा त्यांपैकी कुठल्याही एका फोटोत जसाच्या तसा सापडत नाही.