शेतात जमीन खचून खड्डा पडलाय, बुजवायचा कसा?

मी कोथरूडला असते पण सासरचं शेत यवतमाळच्या वणीकडे, खाली सगळा चुनखडक. दोन ट्रॉल्या मुरूम टाकला, एका पावसात गायब. काँक्रीट ओतू का?

खडीवाला: मुरूम टिकणारच नाही ताई, पाणी त्याला खालच्या फटीतून ओढून नेतं. आधी उकरून ती फट उघडी करा, तिच्या तोंडात अडकतील असे मोठे दगड, वर लहान दगड, मग खडी, जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), शेवटी माती. पाणी झिरपू दे, माती नको. काँक्रीटने पाणी अडलं की ते शेजारी नवा खड्डा पाडतं.

पेठकर: पुण्यात खाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ, तरी २०२४ ला बुधवार पेठेत अख्खा ट्रक आत गेला की!

खडीवाला: ती भानगड वेगळी, बेसॉल्ट चुनखडकासारखा पाण्यात विरघळत नाही. ताई, तुमच्या खड्ड्यात कचरा टाकू नका हां, तेच पाणी बोअरला येतं.