मोल देऊन घेतलेला सल्ला

नायकाला सल्ला मिळतो अशा लोककथा थोरामोठ्यांचे निमूट ऐकायला लावण्यासाठीच रचल्या गेल्या, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. लोककथांना प्रकारानुसार क्रमांक देणाऱ्या आर्ने-थॉम्पसन-उथर सूचीत ९१० या क्रमांकाखाली येणाऱ्या अनेक कथांत नायक सल्ला चक्क विकत घेतो, किंवा दीर्घ चाकरीची मजुरी म्हणून पैशांऐवजी दोन-तीन वाक्ये स्वीकारतो. ‘रागाच्या भरात काही करू नकोस’ हे त्यांतले नेहमीचे वाक्य. वर्षांनुवर्षांनी घरी परतलेला नायक पत्नीजवळ अनोळखी तरुण पाहून शस्त्र उपसतो, ते वाक्य आठवून थबकतो आणि मग तो तरुण आपलाच मुलगा असल्याचे त्याला कळते. ‘रुओडलीब’ या ११व्या शतकातील लॅटिन काव्यातही राजा नायकाला १२ उपदेश देतो (सोबत भाकऱ्यांत दडवलेले धनही देतो, ही सोय मोठी मजेशीर आहे). येथे आज्ञापालन नसून सौदा आहे. शिवाय पंचतंत्राने याची दुसरी बाजूही मांडली आहे: लाल गुंजांना निखारे समजून शेकत बसलेल्या माकडांना सूचीमुख पक्षी न विचारता शहाणपण सांगत राहतो आणि शेवटी चिडलेले माकड त्यालाच खडकावर आपटून मारते.