रुंद स्की घ्यायच्यात: १०८ की ११८?

प्रेषक: निखिल, सँडी

नमस्कार मंडळी,

पुरणपोळीच्या ऑर्डरींमध्ये मधेच घुसतोय, माफी असावी. पण या मेलिंग लिस्टवरच्या निदान पाच-सहा जणांकडे स्नोबर्डचा (आपल्या युटातलं स्की रिसॉर्ट) पास आहे, हे डोंगरावर नेणाऱ्या ट्रॅमच्या रांगेत मराठी ऐकून कळलंय.

वजन ८४ किलो, उंची पाच-अकरा, हा अकरावा सीझन. बूट १३० फ्लेक्सचे, म्हणजे चांगलेच ताठ. सध्याची स्की कमरेला, म्हणजे मधोमध, ९८ मिमी रुंद. ग्रूमरवर, म्हणजे यंत्राने सपाट केलेल्या उतारावर, झकास, पण नवा बर्फ पडून तुडवला गेला की पुढची टोकं थडथडतात आणि मला वेग सोडावा लागतो. वेग सोडायची माझी तयारी नाही. दुकानातला मुलगा म्हणतो ११८ घे, कार्बनची, एकदम हलकी. ती घेऊ, की १०८?

— निखिल

---

प्रेषक: मोहन, कॉटनवुड हाइट्स

निखिल,

घेऊ नकोस. त्या मुलाने तुला सकाळी साडेनऊच्या बर्फाची स्की दाखवलीय, आणि तुझी तक्रार आहे साडेअकराच्या बर्फाची.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात स्नोबर्डशेजारच्या आल्टाला ९०३ इंच बर्फ पडला, विक्रमी. त्या वर्षीसुद्धा ट्रॅमच्या तीन-चार फेऱ्या झाल्या की स्नोबर्डच्या रेग्युलेटर जॉन्सन उतारावर कोरी जागा शोधायची मारामार असायची. मग उरतं ते नांगरलेलं शेत. मऊ, मधेच ढेकूळ, परत मऊ. त्यात हलकं टोक प्रत्येक ढेकळावर उडतं, जड टोक ढेकूळ फोडून जातं. रुंदी तुला वर तरंगवेल, पण सरळ ठेवायचं काम वजनाचं आणि ताठपणाचं. लाकडाच्या गाभ्याला वरून-खालून टायटॅनलचा पातळ पत्रा असतो, तो थरथर खातो. (नावावर जाऊ नकोस, हा ॲल्युमिनियमचाच मिश्रधातू.) अशी १०५ ते ११० ची स्की एका पायाला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. उचलताना जाणवेल, उतरताना आशीर्वाद देशील.

माझंच पाप सांगतो. मी एकदा १२० ची कार्बनवाली घेतली होती. पहिला दिवस स्वर्ग. मग आठवडाभर बर्फच नाही, रात्री गोठलेलं, सकाळी लांबलचक टणक ट्रॅव्हर्स, म्हणजे उताराला आडवं जाणं. बुटाचा तळवा पुढे साधारण ७० मिमी रुंद, म्हणजे १२० च्या स्कीची कड तळव्याच्या बाहेर दोन्हीकडे अडीच-अडीच सेंटिमीटर. टणक बर्फावर ती कड रोवायला जी मुरड लागते ती गुडघ्यातून येते. दोन महिने जिना एकेक पायरी उतरत होतो. बायको अजून ऐकवते.

शेन मॅकॉन्की या नावाजलेल्या स्कीअरने २००० नंतर स्पॅच्युला नावाची स्की आणली. मधला भाग खाली, दोन्ही टोकं वर, कंबर सगळ्यात रुंद, पाण्यावरच्या स्कीची सख्खी बहीण. खोल बर्फात जादू, कडक उतारावर काही चालायचं नाही तिचं. आजच्या बहुतेक रुंद स्कीत तिचा थोडा तरी अंश आहे. तो अंश किती घ्यायचा, एवढंच आपण ठरवायचं. तुझ्यासारख्याने पुढे रॉकर (टोकाची वर वळलेली बाजू) घ्यावा, मागे अगदी थोडा, आणि शेपूट, म्हणजे मागचं टोक, ताठ. दोन १०८ च्या स्की शेजारी ठेवल्या तर एक बैल निघते, एक फुलपाखरू. नुसत्या कमरेच्या आकड्यावर लग्न जमवू नकोस.

दुकानात शेपूट गालिच्यावर टेकव, एका हाताने टोक धर आणि दुसऱ्या तळव्याने मध्ये दाब. बुटाच्या पुढचा भाग सहज वाकला तर परत ठेवून दे. लांबी १८५ सेंटिमीटरच्या आसपास. रॉकरमुळे टणक बर्फावर स्की आहे त्यापेक्षा आखूडच वाटते, तेव्हा १७७ च्या मोहात पडू नकोस. बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी खोबण) स्की कंपनीने आखलेल्या रेघेवरच बसव. पुढे सरकवायची फॅशन पार्कात उड्या मारणाऱ्या पोरांची. बाइंडिंगचा ब्रेक स्कीच्या कमरेपेक्षा थोडा रुंद हवा. आणि बाइंडिंगच्या स्क्रूंसाठी धातूच्या स्कीला ४.१ मिमीचं ड्रिल लागतं, बिनधातूच्या स्कीचं बारीक असतं. घाईच्या दिवसांत विचारून घेतलेलं बरं.

— मोहनकाका

---

प्रेषक: वैशाली, ड्रेपर

मोहनदादा, तुम्ही नव्वद किलोचे, मी सत्तावन्न. तुमच्याच सल्ल्याने मी धातूची घेतली होती, आठवतंय? आल्टाच्या झाडांत ती मला वळवत होती, मी तिला नाही. दुपारी दोनला मांड्यांचा भुगा. आता मोमेंट कंपनीची वाइल्डकॅट स्की आहे, ११६, धातू नाही, आणि मी तुमच्या पुढे असते हे ट्रॅमवाल्यांनाही माहीत आहे.

निखिल, दिवसातला किती वेळ झाडांत आणि किती उघड्या उतारावर जातो ते आधी मोज. आणि विकत घ्यायच्या आधी डेमो, म्हणजे दुकानाची स्की चालवून बघायला, घे, तेही बर्फ पडून दोन दिवस झाल्यावर. ताज्या पावडरमध्ये, म्हणजे नव्या भुसभुशीत बर्फात, पाटसुद्धा छान चालतो.

— वैशाली

---

प्रेषक: सुलभा

विषयात "१०८ की ११८" आणि आत "कंबर" वाचून मला वाटलं झुंबाचं काहीतरी आहे. पोळ्यांचे आकडे गुरुवारपर्यंत. स्कीवाल्यांनी अजून एकही आकडा दिलेला नाही.

---

प्रेषक: निखिल, सँडी

मोहनकाका, वैशालीताई, दोघांचं ऐकलं. शनिवारी दोन जोड्या डेमोला घेतल्या, शेवटचा बर्फ पडून तीन दिवस झाले होते.

आधी सॉलोमनची क्यूएसटी ब्लँक, ११२, लांबी १८६, बिनधातूची. झाडांत काय मजा! ताई बरोबर आहेत. पण रेग्युलेटर जॉन्सनवर मधल्या खडबडीत पट्ट्यात माझे गुडघे आपोआप आखडले, म्हणजे वेग सोडलाच. मग फोल्कलची कटाना, १०८, लांबी १८४. पहिल्या दोन वळणांत वाटलं ओंडका बांधलाय. तिसऱ्यापासून मी वळणं लांब केली, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून धरली, आणि तोच पट्टा कधी आला कधी गेला कळलं नाही. खाली आल्यावर बघतो तर दुसरी फेरी घ्यायला पाय तयार होते.

मी झाडांत फारसा जात नाही, हे मोजल्यावर कळलं. त्यामुळे कटाना घेतली. ड्रिलचं विचारलं, तर तंत्रज्ञाने उत्तर न देता ड्रिलवर कोरलेला आकडाच समोर धरला. ४.१.

जुनी ९८ ची जोडी, लांबी १८०, कडांना नुकतीच धार लावलेली, हवी असेल त्याने सांगा, पोळ्या न्यायला येताना गाडीत टाकून आणतो. सुलभाकाकू, माझ्या पंचवीस लिहा.

— निखिल