माडाखाली सापडलेले दोन सोंडवाले भुंगे: एकच जात आहे का?

आगरातली_वहिनी
गुहागरजवळ आमचं आगर आहे. काल शिंपताना बारा वर्षांच्या एका माडाखाली दोन तांबूस भुंगे मिळाले, साधारण साडेतीन सेंटिमीटरचे. बाटलीत ठेवलेत. एकाच्या सोंडेवर दाढीच्या ब्रशासारखे केस आहेत, दुसरीची सोंड स्वच्छ. मानेमागचे काळे ठिपकेही वेगवेगळे. सासूबाई गेंड्या भुंगा म्हणतात, पण तो मी शेणाच्या खड्ड्यात पाहिलाय, काळा आणि शिंगवाला. मग या दोन जाती का?

कीटकवेडा
वहिनी, जात एकच. लाल सोंड्या भुंगा, ऱ्हिंकोफोरस फेरुजिनियस. केसवाला नर, गुळगुळीत सोंडेची मादी. भिंगातून बघा, मादीची सोंड जास्त लांब, बारीक आणि बाकदार दिसेल. ठिपक्यांवर जाऊ नका, ते एकाच जातीत कमीजास्त असतात.
सोंड म्हणजे पुढे लांबलेलं डोकं, जबडे अगदी टोकाला. मिशा तिच्या मुळाशी फुटतात, कोपरासारख्या वाकतात आणि टोकाला गदेसारख्या फुगतात. पाठीवरच्या कवचांवर उभ्या रेघा असतात, पण पोटाचं टोक उघडंच राहतं. मादी सोंडेने भोक पाडते, मग वळून त्यात अंडं घालते. अशी दोन-तीनशे. खरं नुकसान अळीचं: बिनपायाची, पिवळट पांढरी, तपकिरी डोक्याची, पाच सेंटिमीटरपर्यंत वाढणारी. ती खोड आतून खाते आणि माडाच्याच धाग्यांचा कोष विणते.
आज रात्री सगळं शांत झालं की खोडाला कान लावा.

मस्कतचा_भाऊ
इकडे हाच भुंगा खजुरावर आहे. मूळचा आपल्या दक्षिण आणि आग्नेय आशियातला. १९८० च्या दशकात आखातात पोचला, पुढच्या दशकात इजिप्त आणि स्पेनमध्ये, नंतर इटली-फ्रान्समध्ये. स्वतः उडतो, पण एवढा पल्ला त्याने गाठला तो लागवडीसाठी नेलेल्या झाडांतून आणि खजुराच्या पिलांतून. बाहेरून हिरवं दिसणारं रोप आतून भरलेलं असतं. म्हणून दुसऱ्याच्या बागेतलं रोप नीट तपासल्याशिवाय आणू नका, वहिनी.

आगरातली_वहिनी
कान लावला. आत करकर ऐकू येतेय, अंगावर काटा आला. गेल्या वर्षी पाडेल्याने चढायला खाचा पाडल्या होत्या, त्यातल्याच एकीतून तपकिरी रस गळतोय आणि चघळलेला भुसा बाहेर आलाय.

कीटकवेडा
मग वाट तीच. ताज्या जखमेच्या वासावर तो येतो, गेंड्या भुंग्याने पोखरलेल्या शेंड्यावरही येतो. खाचा पाडणं कायमचं थांबवा. हिरवी झावळी तोडायचीच झाली तर बुंध्याकडचा मीटरभर देठ राखा. मधला कोंब अजून ताठ आहे का? तो ढिला झाला असेल तर माड गेला समजा: तोडा, चिरा, अळ्या-कोषांसकट जाळा. नुसता पाडून ठेवलात तर त्यातून नवे भुंगे निघून शेजारच्या माडांवर बसतील.
कामगंधाचा, म्हणजे भुंग्यांना ओढणाऱ्या वासाचा, बादली सापळाही लावा. त्यात नर-मादी दोन्ही येतात, फक्त तो कोवळ्या माडांपासून लांब ठेवा.

आगरातली_वहिनी
कोंब ताठ आहे. सोमवारी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात बाटली घेऊन जाते. तोवर उरलेल्या एकवीस माडांना रोज रात्री कान लावणार आहे.