गाईड निवृत्त होताहेत, विद्यार्थिनी पाचव्या वर्षात : निर्णय नेमका कोणाचा?

कोरमपूर्ती
विभागातल्या संशोधन केंद्राचं काम नव्याने अंगावर आलंय. एका विद्यार्थिनीची पीएचडी नोंदणी ऑगस्ट 2021 ची. गाईड येत्या 31 मे रोजी निवृत्त होत आहेत. विभागप्रमुख म्हणतात प्रकरण अभ्यास मंडळाकडे पाठवा, कार्यालय म्हणतं विद्या परिषदेकडे, आणि गाईड म्हणतात, "मीच करतो की पुढे, कागद कशाला?" मागच्या तिन्ही सहामाही अहवालांवर आरएसीचा, म्हणजे तिच्या संशोधन सल्लागार समितीचा, शेरा 'समाधानकारक', लेखन मात्र दोन प्रकरणांपुढे गेलेलं नाही. नवा गाईड कोण नेमतो? आणि तिच्या हातात वेळ किती?

इतिवृत्तकार
अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद, दोन्हींचं इथे काम नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे विद्या परिषद ही विद्याविषयक प्रमुख प्राधिकरण आहे. ती नियम आणि निकष ठरवते, एकेका विद्यार्थ्याचा गाईड ठरवत बसत नाही. अभ्यास मंडळ प्रामुख्याने अभ्यासक्रमाचं काम बघतं. गाईड, विषय आणि शीर्षकातले बदल साधारणपणे त्या त्या विषयाच्या संशोधन व मान्यता समितीकडे, म्हणजे आरआरसीकडे जातात.

क्रम असा ठेवा. आधी विद्यार्थिनीचा लेखी अर्ज, त्याला जुन्या गाईडची ना-हरकत आणि नव्याची संमती. मग आरएसीची बैठक आणि ठराव. केंद्रप्रमुखांच्या शिफारशीने ते आरआरसीकडे, आणि शेवटी विद्यापीठाच्या पीएचडी विभागाचं पत्र. हे पत्र हातात येईपर्यंत बदल झाला असं धरू नका.

आरएसीची बैठक 31 मेच्या आत घ्या. त्या समितीचा निमंत्रक गाईडच असतो. तो निवृत्त झाला की बैठक बोलवायची कोणी, इथूनच घोळ सुरू होतो. मधल्या काळात निवृत्त गाईडच्या सहीने गेलेला सहामाही अहवाल परत येतो, मग कार्योत्तर मान्यतेची पत्रं लिहीत बसावं लागतं.

शोधयात्री
वेळेची काळजी नको. युजीसीच्या 2022 च्या विनियमांत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिलांना त्यावर अजून दोन. म्हणजे दहा वर्षं. 2031 पर्यंत निवांत.

टिपणवही
इथे गफलत होतेय. 2022 चे विनियम 7 नोव्हेंबर 2022 ला अधिसूचित झाले. त्याआधी नोंदणी झालेल्यांची पदवी त्यांच्या वेळच्या विनियमांनुसार, म्हणजे या विद्यार्थिनीला 2016 चे विनियम लागू. त्यांत कमाल मुदत सहा वर्षं, महिलांना दोन वर्षांची सवलत मिळू शकते. ऑगस्ट 2027 ही मूळ मुदत, सवलत मंजूर झाली तर ऑगस्ट 2029. सवलतीचा अर्ज मूळ मुदत संपण्याआधी करावा, संपल्यावर केलेल्या अर्जाला 'माफी' मागण्याचं रूप येतं.

दुसरं, बहुतेकांच्या नजरेतून सुटतं ते. प्रबंधापूर्वी शोधनिबंधाची सक्ती 2022 मध्ये गेली, पण 2016 च्या विनियमांत ती आहे : तज्ज्ञ-परीक्षित (रेफरीड) नियतकालिकात किमान एक निबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं. "आता पेपर लागत नाही" हे वाक्य तिच्या कानावर पडलं असेल तर आजच दुरुस्त करा. निबंध छापून यायला वर्ष सहज जातं.

इतिवृत्तकार
@टिपणवही, बरोबर. गाईडच्या बाबतीत मात्र जुन्या-नव्यात वाद नाही. मुख्य मार्गदर्शक संस्थेचा नियमित शिक्षकच लागतो. "मीच करतो पुढे" हे सहमार्गदर्शक म्हणून शक्य आहे, मुख्य म्हणून नाही. 2022 मध्ये तर सहमार्गदर्शकालाही वयाच्या सत्तरीची मर्यादा आहे.

नवा गाईड शोधताना आधी रिकाम्या जागा मोजा. प्राध्यापक 8, सहयोगी 6, सहायक 4, एका वेळी याहून जास्त नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या शिक्षकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. हस्तांतरित विद्यार्थिनी 'नवी' की नाही यावर आरआरसीत अर्धा तास जातो, तो टाळता आला तर बरं.

कोरमपूर्ती
आभार. त्या 'समाधानकारक' शेऱ्यांचं काय करायचं?

टिपणवही
मागचे शेरे खोडू नका, तारखा मागे टाकून तर काहीच करू नका. पुढच्या बैठकीचं इतिवृत्त नीट लिहा : कोणती प्रकरणं झाली, कोणती माहिती गोळा व्हायची आहे, कोणत्या तारखेला काय सादर होणार. प्रगती असमाधानकारक असेल तर समितीने कारणं नोंदवून सुधारणेचे उपाय सुचवायचे असतात. तेही पाळले नाहीत तरच विशिष्ट कारणांसह नोंदणी रद्द करण्याची शिफारस करता येते. तीनदा 'समाधानकारक' आणि चौथ्यांदा थेट रद्द, हे कुठल्याही तक्रार समितीपुढे टिकणार नाही. शिक्षकांच्या समितीचा अधिकार त्या एका परिच्छेदाच्या कारणांवर उभा असतो. एका शब्दाचा शेरा म्हणजे समितीने अधिकार वापरलाच नाही.

परीक्षाविभागप्रेमी
एक पुढचं. परीक्षकांच्या यादीत जुन्या गाईडचे सहलेखक घालू नका. मूल्यमापनाला गाईडशिवाय संस्थेबाहेरचे किमान दोन परीक्षक लागतात. एकाने नाकारलं तर मंजूर यादीतल्याच पर्यायी परीक्षकाकडे प्रबंध जातो, आणि त्याने होकार दिला तरच मौखिकी. यादीत दोनतीनच नावं असतील आणि त्यातल्या एकाने ईमेललाच उत्तर दिलं नाही, तर नवी यादी पुन्हा आरआरसीकडे. प्रबंध दिल्यापासून सहा महिन्यांत सगळं उरकायचं असतं, म्हणून सहाआठ नावं आणि प्रत्येकाची संमती आधीच घेऊन ठेवा.