आई-बाबांना घेऊन ग्रांद आयलंडची दिवसभराची ट्रिप करावी का?

फोंड्याची सून

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन गोव्यात आले त्याला ९ वर्षं झाली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझे आई-बाबा, भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन पोरं (मोठा १२ चा, धाकटी ७ ची) पहिल्यांदाच सगळे मिळून माझ्याकडे राहायला येतायत. बाबा एसटीत कंडक्टर होते, आख्खी नोकरी लोकांना इकडून तिकडे पोचवण्यात गेली पण स्वतः फिरायला म्हणून कधी गेले नाहीत, आणि परवा फोनवर म्हणाले, बाळ, मला एकदा बोटीत बसून बेटावर जायचंय. आजवर त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही, त्यामुळे हे मला नीट करायचंय.

इथल्या एका ओळखीच्या एजंटने ग्रांद आयलंडचं पॅकेज सांगितलंय. सकाळी पिकअप, डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, फिशिंग, बोटीवर जेवण, सोबत गाइड, दुपारी परत. फोटो छान आहेत, निळंशार पाणी वगैरे. पण बाबा ७१ चे आहेत, गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना चढतात पण कठडा लागतो. आईला खंबाटकी घाटात गाडी लागते तर बोट लागेल का? दोघं माळकरी आहेत, त्यामुळे जेवणाचं पण बघावं लागेल. कुणी घरच्या मोठ्या माणसांना घेऊन गेलंय का? खरं काय ते सांगा प्लीज, अजून पैसे भरलेले नाहीत.

खारं वारं

ताई, मी ६ सीझन असल्याच बोटीवर हेल्पर होतो, आता दुसरं काम करतो, त्यामुळे कुणाचा धंदा वाढवायचा नाही की पाडायचा नाही, आहे ते सांगतो.

पहिला प्रश्न एजंटला हा विचारा की बोटीत चढायचं कुठून. बाकी सगळं नंतर. बऱ्याच बोटी कोको बीच नाहीतर सिकेरीकडून सुटतात, आणि किनाऱ्यावरून चढायचं असेल तर गुडघाभर पाण्यात उतरून बोटीला लावलेल्या छोट्या शिडीवरून वर जायचं असतं, लाट आली की बोट वर-खाली होते आणि पाय टाकायचा तो क्षण बरोबर साधावा लागतो. आम्ही दोघं जण दोन्ही बाजूंनी धरायचो तरी गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाचा चेहरा त्या वेळी बघवत नसे. जेटीवरून बोट लागत असेल तर गोष्ट वेगळी, तरीसुद्धा भरती-ओहोटीप्रमाणे उंची बदलते.

दुसरं म्हणजे बेटावर जायचं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. ग्रांद आयलंड वास्कोच्या बाजूला, बोगमाळोच्या समोर समुद्रात आहे. उत्तरेकडून बोट सुटली की आग्वाद किल्ल्याखालून मांडवीचं तोंड ओलांडायचं, मग काबोचं टोक, मग झुआरीचं तोंड, तिथे मुरगाव बंदराची मोठी जहाजं नांगर टाकून उभी असतात, ती जवळून बघायला पोरांना फार आवडतं. तासाभराचा प्रवास धरा. पण तिथे पोचल्यावर बहुतेक बोटी बेटाच्या आडोशाला नांगर टाकून उभ्या राहतात. बेटावर उतरून फिरणं, झाडाखाली बसणं असं डोक्यात असेल तर बाबांची निराशा होईल. काही जण वाटेत एखाद्या छोट्या किनाऱ्यावर उतरवतात, तेही पाण्यातूनच.

स्नॉर्केलिंगचं सांगतो. लाइफ जॅकेट घालून पाण्यात, गाइड रिंग धरून तुम्हाला ओढत नेतो, आणि एकेकाचा नंबर लागत असल्यामुळे प्रत्येकाला १० ते १५ मिनिटं मिळतात. पाणी फोटोतल्यासारखं निळं नसतं, हिरवट असतं. मोठ्या नद्यांचं पाणी इथेच समुद्राला मिळतं, गाळ असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरं दिसतं. पण दिसतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे, खडकाला चिकटलेले प्रवाळ, कपारीत बसलेला गोब्रा मासा, हे मी शेकडो वेळा बघितलंय आणि आजही बघायला मिळालं तर जाईन. पोरांसाठी एक करा, मास्क लावताना कपाळावरचे केस सगळे मागे घ्या. मास्कच्या रबराखाली एक बट जरी अडकली तरी तिथून पाणी आत येतं, पोर घाबरतं आणि मग काही केल्या परत पाण्यात उतरत नाही. आणि खडकावर पाय ठेवायचा नाही हे आधीच सांगून ठेवा, काटेरी अर्चिन असतात आणि प्रवाळ मोडतात. एकदा मोडलेलं प्रवाळ परत वाढायला वर्षानुवर्षं लागतात. गाइड लोक हे सांगत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

भावाला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली बुडी, करायचं असेल तर शेवटच्या दिवशी ठेवू नका. एका डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १२ तास जाऊ द्यावे लागतात, १८ धरलेत तर उत्तम. दमा, हृदयाचा त्रास असेल तर फॉर्ममध्ये लपवायचं नाही. १० वर्षांच्या आतल्या मुलांना स्कूबाला घेत नाहीत, त्यामुळे धाकटी फक्त स्नॉर्केलिंग.

पर्वरीची आई

मी गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेले होते म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण पिकअप ७:३० ला झाला आणि बोट सुटली ९:४५ ला, तोपर्यंत उन्हात उभं, कारण अजून दोन हॉटेलांचे लोक यायचे होते. बोटीवर टॉयलेट नव्हतं. हे आधी कुणी सांगितलंच नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सासूबाईंनी मग भीतीने पाणीच प्यायलं नाही, दुपारी डोकं इतकं चढलं की घरी येऊन दोन दिवस झोपून होत्या. एवढं सोसूनही त्या मला काही बोलल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

तुमच्या आईला घाटात गाडी लागते ना, मग चालत्या बोटीपेक्षा नांगर टाकलेली बोट जास्त लागते, कारण ती एका जागी डोलत राहते आणि सगळे पाण्यात जाऊन येईपर्यंत तास-दीड तास तसंच बसायचं. गोळी डॉक्टरला विचारून निघायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. शाकाहारी जेवण म्हणून आम्हाला भात, डाळ आणि सॅलड मिळालं, पण तव्यावर मासे भाजत होते आणि चमचे तेच. माळकरी माणसांना ते चालणार नाही, डबा घरून न्या.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, बक्कल लावून, मुलीला तिच्या मापाचं. २०२४ च्या नाताळात कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली होती ती आठवते ना. बोटीला बंदर कप्तान खात्याचं लायसन्स आहे का आणि किती माणसांचं आहे ते विचारायला अजिबात लाजू नका.

मांडवीकाठ

सूनबाई, तुमच्या बाबांना बोटीत बसून बेटावर जायचंय, त्यांनी स्नॉर्केलिंग मागितलेलं नाही. हे वाचल्याबरोबर माझ्या मनात मांडवी नदीतलं दिवाडी बेट आलं.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ गेलात की फेरीचा धक्का. ही कमान वास्को द गामाच्या पणतूने बांधलेली, तो इथे व्हाइसरॉय होता. फेरीबोटीत गाडी चढते, बाबांना गाडीतून उतरायचीही गरज नाही, पण त्यांना उतरवा आणि कठड्याला धरून उभं करा, नदी ओलांडायला पाच-सात मिनिटं लागतात तेवढ्यात दोन्ही काठ दिसतात. मांडवी तिथे शांत असते, आईंना काही लागणार नाही.

पलीकडे खारफुटी आणि खाजन शेती. नदीचं खारं पाणी बांध घालून अडवलंय आणि बांधात लाकडी दारं आहेत त्यांना मानस म्हणतात, भरती-ओहोटीप्रमाणे उघडमीट करतात. पावसाळ्यात भात, कोरगुटीसारखं खारं पाणी सोसणारं, आणि कापणी झाल्यावर तीच दारं उघडून पाणी आत घेतात आणि मासे, सुंगटं (कोळंबी) धरतात. साताऱ्याच्या शेतकरी घरातला माणूस हे बघताना तासभर सहज रमेल, माझे पाहुणे हमखास रमतात. मग टेकडीवरचं पिएदाद चर्च, वरपर्यंत गाडी जाते, तिथून नदीचा वेढा दिसतो.

आणि आता खरं कारण सांगतो. दिवाडीवरच सप्तकोटीश्वराचं मूळ देऊळ होतं. गोव्याच्या कदंब राजांचं ते कुलदैवत, त्यांच्या नाण्यांवर श्रीसप्तकोटीश्वराचा वरप्रसाद मिळाल्याचं कोरलेलं असायचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं, भाविकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं आणि तिथे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावर तो शिलालेख आहे. अलीकडे पुरातत्त्व खात्याने पुन्हा सगळं नीट केलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये देऊळ खुलं झालं. दिवाडीवर जुन्या जागी कोटीतीर्थाची पुष्करणी आहे ती आधी बघायची, मग बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याची फेरी घ्यायची आणि देवाचं दर्शन घ्यायचं. म्हणजे देव ज्या वाटेने गेला त्याच वाटेने, नदी ओलांडून. दोन फेऱ्या, एक बेट, एक देऊळ, दुपारच्या जेवणाला डिचोलीत.

गाइड मात्र बेटावरचाच घ्या. हा सगळा भाग गाडीच्या काचेतून बघितला तर नुसतं एक गाव दिसतं, कुठली मानस, कुठला बांध, पुष्करणीकडे कुठून वळायचं हे तिथला माणूस दाखवतो तेव्हाच कळतं. फेरीच्या वेळा निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या, नार्व्याच्या बाजूला फेऱ्या कमी असतात.

फोंड्याची सून

सगळ्यांचे खूप आभार. सप्तकोटीश्वराचं वाचून अंगावर काटा आला, ९ वर्षं इथे राहून मला हे देऊळ फक्त नावाने माहीत होतं. भावाचं म्हणणं आहे की पोरं नाराज होतील, त्यांना मास्क लावून मासे बघायचेत. मग दोन भाग करू का? आणि बोगमाळोकडून जवळ पडतं का?

खारं वारं

दोन भाग करा, तेच बरं. बोगमाळोकडून बेट अगदी समोर आहे, समुद्रातला वेळ कमी लागतो, पण डॉल्फिन जास्त करून आग्वाद-सिकेरीच्या बाजूला दिसतात त्यामुळे पोरांना काय हवंय ते विचारा. कुठूनही गेलात तरी पहिली बोट पकडा. सकाळी समुद्र सपाट असतो, दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की परतीला अंगावर पाणी उडतं. आणि डॉल्फिन दिसल्यावर चालकाला मागे लागू नका म्हणून सांगा, इंजिन मंद करून थांबलं तर ते स्वतः परत वर येतात, चार-पाच बोटींनी घेरलं की बुडी मारून निघून जातात.

फोंड्याची सून

जाऊन आलो! सांगायला उशीर झाला, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं.

भाऊ-वहिनी आणि पोरं पहिल्या बोटीने ग्रांदला गेली. भाचीचे केस मी घरूनच दोन घट्ट वेण्या घालून मागे बांधून दिले, मास्कमध्ये थेंब गेला नाही म्हणे. पहिल्यांदा रिंग सोडायला तयार नव्हती, नंतर पट्ट्यांचे मासे दिसले तर बाहेर यायला तयार नाही. भाच्याला पाणी गढूळ वाटलं, पण बंदरातली जहाजं बघून तो वेडा झाला, एकेकाचा रंग सांगत होता. दोन डॉल्फिन दिसले, एकदाच, पाठीचा उंचवटा आणि मग काही नाही, पण पोरांना तेवढं पुरलं.

आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दिवाडीला. फेरीत बाबा गाडीतून उतरले, कठडा धरून उभे राहिले आणि मला विचारलं, तिकीट कुठे काढायचं. मी म्हटलं बाबा, पायी माणसाला तिकीट नाही. त्यांना पटेना. परत विचारलं, मग फेरीवरच्या माणसाला जाऊन विचारलं, त्याने हसून मान हलवली तेव्हा कुठे पैसे खिशात ठेवले. पलीकडे उतरेपर्यंत त्या माणसाशी गप्पा, दिवसात किती खेपा, ड्युटी किती तासांची, साप्ताहिक सुट्टी कधी. आईने मांडवीत हात बुडवून डोळ्यांना पाणी लावलं. गाडी लागली नाही, काही नाही.

गाइड बेटावरचेच मिळाले, साठीचे गृहस्थ, त्यांनी मानशीचं दार हाताने उचलून दाखवलं, बाबांनीही हात लावून बघितला, लाकूड कुठलं, किती वर्षं टिकतं, सगळं विचारलं. पुष्करणीपाशी आई पायरीवर बसून हरिपाठ म्हणायला लागली आणि आम्ही कुणीच उठलो नाही, त्यामुळे नार्व्याची एक फेरी चुकली. पुढच्या फेरीने गेलो. देवळाच्या दारात बाबा शिलालेखासमोर चष्मा पुसून उभे राहिले, अक्षर अक्षर लावत होते, गर्दी नव्हती म्हणून कुणी हटकलं नाही. जेवायला डिचोलीत पोचायला अडीच वाजले, तक्रार कुणाचीच नव्हती.

मांडवीकाठ काका, एक विचारायचंय. तिथे कळलं की नार्व्याला गोकुळाष्टमीला तिथल्याच पंचगंगा तीर्थावर मोठी जत्रा भरते, आणि बाबा आता म्हणतायत त्या वेळी परत येतो. त्या दिवशी दिवाडीकडून फेरीला गर्दी किती असते, की डिचोलीच्या बाजूने गाडीने गेलेलं बरं?